हद्दीत आलेला गोठा

30 जून 2021 रोजी राज्य शासनाने एक अधिसूचना काढली आणि वाघोली, मांजरी बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, होळकरवाडी अशी 23 गावे पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. त्यापूर्वी 2017 साली 11 गावे अशीच आली होती. या समावेशामुळे उभे राहिलेले पाण्याचे, रस्त्यांचे, मिळकतकराचे आणि आरक्षणांचे प्रश्न वृत्तपत्रांतून पुष्कळ गाजले व ते गाजावयास हवेच होते. परंतु या गावांतील गोठ्यात बांधलेली म्हैस, परसातील कोंबड्या आणि दारातल्या खुंट्याची शेळी यांचेही स्थान त्या एका कागदाने पालटले, याची दखल कोणी घेतली नाही. आदल्या दिवसापर्यंत जे पशुधन होते ते दुसऱ्या दिवशी उपद्रवाच्या सदरात गेले. जनावर तेच, दावे तेच, मालकीणही तीच. बदलली ती फक्त हद्द.

हा शब्दांचा खेळ नव्हे. राज्यघटनेच्या 73व्या दुरुस्तीने अकरावी अनुसूची जोडली गेली. पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांच्या त्या यादीत चौथाच विषय आहे: पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन. पाठोपाठ आलेल्या 74व्या दुरुस्तीने नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची दिली. तिच्या अठरा विषयांत पशुसंवर्धन नाही, दुग्धव्यवसाय नाही, कोंबडीचे नावही नाही. पंधराव्या क्रमांकावर आहेत ते कोंडवाडे आणि प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध, व अठराव्यावर कत्तलखाने आणि कातडी कमावण्याचे कारखाने यांचे नियमन. दोन्ही दुरुस्त्या 1993 साली अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने अमलात आल्या. एकाच संसदेने, एकाच काळात, खेड्यातल्या जनावराकडे उपजीविका म्हणून पाहिले आणि शहरातल्या जनावरासाठी फक्त कोंडवाडा व कत्तलखाना योजला. आपल्या राज्यकर्त्या वर्गाची शहराविषयीची कल्पना काय आहे, हे यावरून पुरते दिसून येते. शहर म्हणजे जेथे दूध पिशवीतून येते आणि अंडी दुकानातून येतात ते ठिकाण. ती कोणाच्या तरी घरामागे तयार होत असतील ही शक्यताच या यादीने गृहीत धरलेली नाही.

वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. 2019 च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे 53 कोटी 57 लाख पशुधनापैकी 2 कोटी 16 लाखांहून अधिक जनावरे शहरी भागात होती. प्रमाण चार टक्क्यांचे असले तरी संख्या लहान नाही. त्याच गणनेत देशातील 85 कोटींच्या वर कोंबड्या व इतर पक्ष्यांपैकी 31 कोटी 70 लाख परसातले होते आणि आधीच्या, म्हणजे 2012 च्या गणनेच्या मानाने परसातल्या पक्ष्यांची संख्या सुमारे 46 टक्क्यांनी वाढली होती. मोठमोठे कुक्कुटउद्योग देशभर पसरत असताना गरिबाची कोंबडी नाहीशी होण्याऐवजी वाढली, याचा अर्थ अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तरी सहज कळावा. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. कारखान्यातल्या कोंबडीपुढे हा हिशोब हास्यास्पद वाटेल. पण तिच्या खाद्याला जवळजवळ काही पडत नाही, आणि मुलाची वही, दवाखान्याची चिठ्ठी किंवा पाहुण्याचा पाहुणचार अशा कोणत्याही क्षणी ती मोडता येते. बँकेत खाते असले तरी त्यात ठेवावयास पैसा नसलेल्या बाईची ही बचत असते. शेळीचे तेच. ती पाच महिन्यांत विते आणि उस्मानाबादीसारख्या जातीची असेल तर बहुधा जुळी देते. भाजीबाजारातला टाकलेला पाला खाऊन वाढणारे हे भांडवल आहे. ज्या कुटुंबाची जमीन शहराने घेतली व ज्याला शहराने नोकरी दिली नाही, त्याच्याकडे ते उरते.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे, कारण कार्यकर्त्यांना वस्तीवस्तीतून तिला तोंड द्यावे लागते. जनावरांचा उपद्रव खरा असतो. एक मोठी म्हैस दिवसाला 15 किलोच्या आसपास शेण टाकते. चाळीस म्हशींच्या तबेल्यातून रोज सहा क्विंटल शेण निघते. ते गटारात लोटले गेले तर गटार तुंबते, माशा व डास होतात आणि त्याचा त्रास प्रथम होतो तो शेजारच्या झोपडीलाच, दूरच्या बंगल्याला नव्हे. 26 जुलै 2005 च्या महापुरात मुंबईच्या तबेल्यांतून जी जनावरे मेली त्यांची विल्हेवाट लावताना शहराच्या नाकी नऊ आले आणि पाठोपाठ लेप्टोस्पायरोसिसने बळी घेतले, हे विसरता येणार नाही. गरिबाचे आहे म्हणून ते घाण नसते असे म्हणणे हा भाबडेपणा होईल. प्रश्न इतकाच आहे की नियमाने काय मोजावयाचे: घाण, की घाण करील अशी ज्याच्याविषयी समजूत आहे तो माणूस?

या बाबतीत इंग्रजी अमदानीतला कायदा स्वराज्यातल्या कायद्याहून समंजस होता असे म्हणण्याची पाळी यावी, हे दुर्दैव आहे. मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या अधिनियमाने डुकरांवर आयुक्तांच्या लेखी परवानगीचे बंधन घातले. इतर जनावरांच्या बाबतीत मात्र कसोटी ठेवली ती उपद्रवाची. कोणालाही उपद्रव किंवा धोका होईल अशा रीतीने जनावर ठेवू नये, एवढेच तो म्हणतो. (डुकराला मिळालेल्या या खास वागणुकीचा अर्थ ज्या कैकाडी व वडार वस्त्यांतून डुकरे पाळली जातात त्यांना विचारावा.) पुढे राज्य शासनाने नागरी क्षेत्रातील गुरे पाळणे व त्यांची ने-आण यांवर नियंत्रण ठेवणारा अधिनियम केला. त्याच्या नावातच साल आहे: 1976. आणीबाणीचे ते वर्ष. शहरे सुंदर करण्याची घाई तेव्हा दिल्लीपासून खालपर्यंत कशी चढली होती, हे त्या काळी तुरुंगात असलेल्यांना आणि तुर्कमान दरवाज्याची हकिगत ऐकलेल्यांना सांगावयास नको. या कायद्याने अधिसूचित क्षेत्रात परवान्यावाचून गुरे ठेवणे हाच अपराध ठरवला. शेण कोठे जाते, जागा किती आहे, शेजाऱ्याची तक्रार आहे काय, हे प्रश्न दुय्यम झाले. परवाना आहे की नाही, हा प्रश्न पहिला झाला.

आणि परवाना कोणाला मिळतो? ज्याच्या नावावर जागा आहे, ज्याला बांधीव शेड दाखवता येते, ज्याला कचेरीच्या दहा खेपा परवडतात त्याला. पन्नास म्हशींचा तबेलेवाला या अटी पुऱ्या करू शकतो. भाड्याच्या खोलीमागे दोन शेळ्या बांधणारी विधवा करू शकत नाही. म्हणजे सर्वांत जास्त शेण ज्याचे तो कायदेशीर, आणि जिच्या जनावरांच्या लेंड्या एका घमेल्यातही भरत नाहीत ती गुन्हेगार.

कोंबडीच्या बाबतीत ही विसंगती अधिकच ढळढळीत आहे. एक लाखापेक्षा कमी पक्षी असलेल्या कुक्कुटपालन केंद्रांना प्रदूषण नियंत्रणाच्या संमतीतून सूट देणारी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय मंडळाने 2015 मध्ये केली होती. सप्टेंबर 2020 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बजावल्यावरच त्यांचा फेरविचार सुरू झाला. तोवर स्थिती अशी की गावाच्या वेशीवर नव्वद हजार कोंबड्यांची शेड उभी राहिली आणि तिच्या विष्ठेच्या दर्पाने गावाला जेवण जाईना, तरी मंडळाची संमती लागत नव्हती. आणि शहराच्या हद्दीत कोणी दारात पाच कोंबड्या पाळल्या तर आरोग्य निरीक्षकाला नोटीस काढता येत होती. भांडवलाची कोंबडी उद्योग ठरते व श्रमिकाची कोंबडी अस्वच्छता ठरते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

रोगाच्या भीतीचा मुद्दा यावर हमखास पुढे केला जातो. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा देशातील पहिला उद्रेक झाला. नवापूर हे मोठ्या कुक्कुटकेंद्रांचे गाव. परंतु पक्षी मारण्याची मोहीम निघाली तेव्हा शेडमधल्या कोंबड्यांबरोबर आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही धरून नेल्या गेल्या. साथीच्या शास्त्राप्रमाणे ते आवश्यक होते व त्याला विरोध करता येणार नाही. मात्र त्यातून जो धडा घ्यावयास हवा होता तो घेतला गेला नाही. साथ आटोक्यात ठेवावयाची तर कोणत्या घरी किती पक्षी आहेत याची नोंद आधीपासून हवी, लस टोचणारा माणूस त्या घरी वर्षातून दोनदा जावयास हवा, आणि पक्षी मेला तर तो रात्री नाल्यात न फेकता कळवण्याची हिंमत घरच्या बाईला हवी. जेथे कोंबडी पाळणे हाच गुन्हा तेथे ती दडवली जाते. दडवलेल्या कोंबडीला मानमोडीची लस कोण टोचणार? 2022 साली गुरांत लम्पीची साथ आली तेव्हाही लसीकरण सर्व अवलंबून होते ते गोठा कोठे आहे हे ठाऊक असण्यावर. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटावयाचे राहत नाही, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

शिवाय गाव शहरात गेले की जनावराचा डॉक्टरही दूर जातो. जिल्हा परिषदेचा पशुवैद्यकीय दवाखाना ग्रामीण भागासाठी. महानगरपालिकेचा पशुवैद्यक बहुतांशी भटकी कुत्री आणि कत्तलखाना यांत गुंतलेला. गाभण म्हैस अडली तर तिने कोणत्या अनुसूचीकडे पाहावयाचे? आणि गंमत अशी की याच राज्य शासनाचे पशुसंवर्धन खाते दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना अनुदानावर शेळ्यांचे आणि तलंगांचे गट वाटत असते. एका खात्याने शेळी द्यावी, दुसऱ्याने ती कोंडवाड्यात घालावी, आणि दोन्ही खात्यांनी आपापले उद्दिष्ट पूर्ण झाल्याचा अहवाल मंत्रालयात धाडावा, असा हा कारभार आहे.

रस्त्यावरच्या मोकाट गुरांचा प्रश्न यात नेहमी मिसळला जातो. तो वेगळा आहे, पण त्याचेही मूळ पाहिले पाहिजे. 2015 साली अमलात आलेल्या दुरुस्तीने महाराष्ट्रात गायीबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीला बंदी झाली. भाकड वा निकामी जनावराला बाजारात मिळणारी किंमत त्यामुळे कोसळली. जे जनावर विकता येत नाही आणि ज्याला वैरण घालणे परवडत नाही, ते मालक एके रात्री दावे सोडून हाकलतो. त्याने ते करावयास नको होते हे खरे. तथापि ज्या शासनाने त्याच्या मालमत्तेचे मूल्य एका सहीने शून्य केले, त्याच शासनाने त्याच्याकडून कोंडवाड्याचा दंड वसूल करावा, यात न्याय कोठे बसतो?

महाराष्ट्रात या प्रश्नाचा योजनापूर्वक विचार कधीच झाला नाही असे नाही. मुंबईतील तबेले शहराबाहेर नेण्यासाठी 1949 मध्ये आरे दूध वसाहत उभारली गेली. सुमारे सोळा हजार जनावरांची सोय, पाणी, वैरणीसाठी जमीन, पशुवैद्यक आणि दुधाची हमखास खरेदी हे सर्व त्या योजनेत एकत्र आले होते. बंदी घालून हात झटकणे निराळे आणि पर्यायी जागा देऊन मग बंदी घालणे निराळे, हे आरेच्या आखणीकारांना कळले होते. नियोजनावर विश्वास असलेल्यांनी त्याचे श्रेय द्यावयासच हवे. पण आरेचा गोठा होता तो तबेलेवाल्यांचा. एक म्हैस वा चार शेळ्या असलेल्या माणसाचा विचार त्या योजनेत नव्हता, आणि त्यानंतर तर कोणत्याही योजनेत झाला नाही.

युद्धोत्तर ब्रिटनमध्ये ॲटलींच्या मजूर सरकारने 1950 साली एक लहानसा कायदा केला. भाडेकरारात वा अन्य करारात काहीही लिहिलेले असो, जमिनीच्या भोगवटादाराला धंद्यासाठी नव्हे तर घरासाठी कोंबड्या व ससे पाळता येतील, त्यासाठी लागणारा खुराडाही बांधता येईल. मात्र आरोग्याला अपाय वा शेजाऱ्याला उपद्रव होता कामा नये, असे त्याचे कलम सांगते. म्हणजे हक्क हा नियम, उपद्रव हा अपवाद, आणि उपद्रव सिद्ध करण्याचे ओझे तक्रारदारावर. आफ्रिकेत युगांडाच्या कंपाला शहराने 2006 मध्ये नागरी शेती व पशुपालन यांना मान्यता देणारे स्थानिक नियम केले. तेथील गरीब बाया पूर्वीपासून शहरात जनावरे पाळतच होत्या. नव्या नियमांनी त्यांचे अस्तित्व मान्य केले.

आपल्याकडे असे नियम करणे कठीण का जाते? गेल्या काही वर्षांतली एक घटना यावर प्रकाश टाकते. 2025 च्या पावसाळ्यात मुंबईतील कबुतरखाने आरोग्याच्या कारणास्तव बंद करण्याची कारवाई झाली, तेव्हा दादरला लोक रस्त्यावर उतरले, झाकलेल्या ताडपत्र्या ओढून काढण्यात आल्या आणि मुख्यमंत्र्यांना बैठक घ्यावी लागली. कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसाचे विकार होतात असे डॉक्टर सांगत होते; तरीही ज्यांची ती श्रद्धा आहे त्यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले. ऐकून घेण्याला हरकत नाही. पण कोंबड्या पाळणाऱ्या बाईसाठी मुख्यमंत्र्यांनी बैठक बोलावल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. उपद्रव कशाला म्हणावयाचे हे आरोग्यशास्त्र जितके ठरवते, तितकेच तक्रार करणाऱ्याचे आणि तक्रार सोसणाऱ्याचे सामाजिक बळही ठरवते.

आणि समाविष्ट गावांना तर दाद मागावयास जागाच नव्हती. महानगरपालिकेत जाताच ग्रामपंचायत बरखास्त झाली व ग्रामसभा संपली. मार्च 2022 मध्ये पुणे महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, आणि 2025 सरेपर्यंत तेथे प्रशासकाचे राज्य राहिले. ज्या 23 गावांच्या जनावरांचे भवितव्य बदलले त्यांचा सभागृहात एकही निवडून दिलेला प्रतिनिधी या सर्व काळात नव्हता. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे तर त्याहून निराळ्या अनुभवातून गेलेली. पुण्याचा कचरा त्यांनी वर्षानुवर्षे उशाशी घेतला, 2017 मध्ये ती शहरात आली आणि नंतर त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. शहराच्या कचऱ्याचे डोंगर ज्यांनी सोसले त्यांच्या उकिरड्याला शहराने नाक मुरडावे, हे या विकासनीतीला शोभणारेच आहे.

पक्षाने यावर मागणी करावयाची तर ती नेमकी हवी. सरसकट मोकळीक मागणे चुकीचे ठरेल आणि शहरातले श्रमिकही तिला पाठिंबा देणार नाहीत. दोन दुभती जनावरे, चारपाच शेळ्या आणि दहाबारा कोंबड्या एवढ्यापर्यंत परवाना नको. विनाशुल्क नोंदणी पुरे, आणि ती पशुवैद्यकाने लसीकरणाच्या वेळी दारात येऊन करावी. त्यापुढच्या संख्येला परवाना, शेणाच्या विल्हेवाटीची सोय व वस्तीपासून अंतर यांच्या अटी कडक असाव्यात, आणि त्या तबेल्यांना व कुक्कुटकेंद्रांना आज लागतात त्याहून सैल नसाव्यात. कोंबड्याच्या आरवण्याची तक्रार रास्त असेल तर कोंबडा ठेवू नये. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हे अनेक नगररचनाकारांना ठाऊक नसावे. दाट वस्तीत जेथे घरामागे हातभर जागा नाही, तेथे समाविष्ट गावांच्या गायरानांतून सामायिक गोठे बांधता येतील व त्यांच्या शेणावर गोबरगॅस चालवता येईल. हे गायरान बिल्डरांच्या वाटेला गेले तर मात्र पुढच्या सर्व चर्चेला अर्थ उरणार नाही. जप्ती हा पहिला उपाय नसावा. आधी समज, मग मुदत, मग दंड, आणि तक्रारीची सुनावणी प्रभाग समितीपुढे, दोन्ही बाजूंना ऐकून व्हावी.

यावर पक्षातल्याच काही शहरी मित्रांचा आक्षेप येईल की समाजवाद्यांनी लोकांना गोठ्यातून बाहेर काढावयाचे की गोठ्यात ठेवावयाचे. आक्षेप मनापासूनचा आहे व तो उडवून लावता येणार नाही. शेण काढणे हे बाईचे काम असते, पहाटेचे असते, आणि त्याला मजुरी नसते. ज्या मुलीला शिकून नोकरी मिळेल तिने शेळ्या राखाव्यात असे कोणीही म्हणणार नाही. परंतु नोकरी नाही, जमीन गेली, आणि गोठाही गेला, या स्थितीला मुक्ती म्हणता येत नाही. पर्याय निर्माण होईल तेव्हा माणसे आपण होऊन जनावरे सोडतात. नोटिशीने सोडवलेली जनावरे फक्त खाटकाकडे किंवा शेजारच्या गावी कवडीमोलाने जातात.

निवडून आलेल्या सभागृहापुढे हा प्रश्न न्यावयाचा तर हाती कागद पाहिजेत. समाविष्ट गावांतील शाखांनी घरोघर फिरून जनावरांची व पक्ष्यांची मोजणी करावी. त्यात जागा कोणाच्या नावावर आहे याबरोबर दावणीचे काम कोण करते हेही लिहावे, म्हणजे बायांची नावे कागदावर येतील. जुन्या ग्रामपंचायतीच्या करआकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना 8 मध्ये, अनेक गोठ्यांची बांधकाम म्हणून नोंद आहे. गाव शहरात येण्यापूर्वीपासून हा गोठा होता, याचा तो सर्वांत भक्कम पुरावा. ग्रामपंचायतींची दप्तरे महानगरपालिकेच्या ताब्यात गेली आहेत. त्या नोंदींच्या प्रमाणित नकला मिळवण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो, आणि नोटीस येण्याच्या आधी ती नकल गोठेधारकाच्या पेटीत असावयास हवी.